रमी क्लबची खिडकी

आधीच सांगतो मंडळी, भुतांच्या गोष्टींत मी नेहमी घाबरवणाऱ्यांच्या पार्टीत असतो. गावी चिंचेवर दिसायची ती पांढरी बाई मीच होतो... चादर अजून जपून ठेवलीये. पन्नाशी उलटली तरी खोड गेलेली नाही. तेव्हा ओळखीचे लोक हे वाचून हसतील. हसू द्या.

भांडुप पश्चिमेला, टेकडीकडे चढणाऱ्या रस्त्यावर एक जुनं हॉटेल होतं. खाली बार, वर रमी क्लब. चार कळकट टेबलं आणि एक घरघरणारा पंखा, पण अख्खा एरिया त्याला ‘कॅसिनो’ म्हणायचा! नव्या मालकाने रिनोव्हेशन काढलं, इंटिरियरचं काम मला मिळालं. सुतारकाम अर्थात वसंताचं — माझा बालमित्र.

वरच्या हॉलला खिडकीच नव्हती. भिंतीवरचं प्लायवूड उचकटलं, तर मागे सागवानी खिडक्या, सरळ गल्लीवर उघडणाऱ्या. मी खूश. वसंता मात्र पटाशी खाली ठेवून मागे सरला.

मिल बंद पडल्यावर त्याचे वडील, आबा, दिवसभर इथेच बसायचे. संध्याकाळी त्याची आई खाली गल्लीत उभी राहून हाका मारायची. बाकीच्या बायकाही यायच्या. खेळणाऱ्यांना त्रास नको म्हणून जुन्या मालकाने खिडक्या बंद करून टाकल्या. “आई तरी येत राहिली,” वसंता म्हणाला. “फळ्यांना हाका मारायची.”

ती जाऊन आता बरीच वर्षं झाली. आबा घरी अंथरुणावर, अर्धांगाने वाचा गेलेली.

त्याच दिवशी दिवेलागणीला खालून आवाज आला. बाईचा, थकलेला.

“अवो, येतास मां? जेवाण निवलां.”

मी वाकून पाहिलं. गल्ली रिकामी. फक्त एक कुत्रा, मोकळ्या जागेकडे बघून शेपूट हलवत होता.

वसंताच्या हातातला रंधा तसाच राहिला. “हा तुझा चाळा असेल तर आत्ताच सांग.”

“आईशप्पथ नाही रे.”

मग रोजच. त्याच वेळेला, तीच हाक. मी गल्लीभर फिरलो, शेजारच्या घरांत डोकावलो, कुणाच्या मोबाइलवर काही वाजतंय का तेही पाहिलं. काही नाही. आणि इकडे डिझाइनप्रमाणे त्या खिडक्यांना डबल काच बसायची होती. आत डीजे, बाहेर आवाज जाता कामा नये.

“काच मीच बसवणार,” वसंता म्हणाला. “म्हणजे आईला पुन्हा बाहेर ठेवणारा मीच. त्याआधी एकदा तरी आबांनी तिला खरी ओ द्यावी रे.”

तिच्या हयातीत आबांचं उत्तर ठरलेलं असायचं — ‘इलंय गो, एवढो डाव होऊंदे.’ आलोच म्हणायचे आणि खाली कधी उतरायचेच नाहीत.

काच यायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही आबांना खुर्चीत बसवून वर उचलून आणलं. खिडकीशी ठेवलं. हाक आली. आबांनी चांगल्या हाताने चौकट घट्ट धरली. ओठ हलले... आवाज फुटेना. पुन्हा हाक. वसंता गुडघ्यांवर बसला होता. “बोला आबा. कायतरी बोला.” ओठ हलत राहिले, डोळे वाहत राहिले.

मग खाली चपला वाजल्या. सावकाश, गल्लीतून लांब जात. कुत्रा कोपऱ्यापर्यंत मागोमाग गेला आणि एकटाच परत आला.

त्यानंतर हाक आली नाही. त्याच आठवड्यात आबा गेले. काच वसंतानेच बसवली, फटीही स्वतःच बुजवल्या.

हॉटेल आता सुरू झालंय, एकदम झकास दिसतं. मध्यंतरी एक दरवाजा अडतो म्हणून मला बोलावलं होतं. काम आटोपून दिवेलागणीला गल्लीत सिगारेट ओढत उभा होतो. डीजेचा ठणठणाटसुद्धा ज्या काचेतून बाहेर येत नाही, तिच्यामागून स्पष्ट ऐकू आलं...

“इलंय गो... एवढो डाव होऊंदे.”

थोड्या वेळाने पुन्हा तेच.

कुत्रा पायाशी झोपला होता. त्याने मानही वर केली नाही. गल्लीत दुसरं कोणी नव्हतं.

काचवाल्याला आणून तपासलं, फट कुठेच नाही. याचं उत्तर तुमच्याकडे असेल तर सांगा. वसंताला सांगितलेलं नाही. दोघं आता एकत्र असतील, असं तो परवाच म्हणाला. मी, इतका बडबड्या माणूस, नुसती मान हलवली.