पाणी उकळेपर्यंत

शेगडी आणि आत्या, दोघी नेमक्या सणालाच रुसतात. एरवी वर्षभर निमूट जळत असतात. घरात चार पाहुणे यायचे म्हटलं, की यांच्या अंगात आलंच. आत्याची समजूत ज्याची त्याने काढावी. शेगडीसाठी मात्र आख्ख्या भागाला एकच माणूस आठवायचा: शेगडीवाले काका.

काकांची पिशवी छोटीशी. नट आवळायचे दोन पाने, बर्नरची भोकं उकरायची पिन, रबरी नळीचा तुकडा आणि साबणाच्या पाण्याची बाटली. नळीला फेस फासायचा, फुगा आला की गळती सापडली. काम दहा मिनिटांचं. पण त्यानंतर काकांचा एक नेम होता. "पातेलंभर पाणी ठेवा," असं सांगून ते दारातल्या स्टुलावर बसत, आणि पाणी खळखळेपर्यंत उठत नसत. "ज्योत दिसते तशी नसते हो. पाणी खोटं बोलत नाही."

पाणी उकळायला अकरा मिनिटं लागत. तेवढ्यात शेजारी कुणी कांदा परतत असे, कुणी दूध आटवत असे, कुणी सुनेचा उद्धार करत असे. काकांच्या हातावर काहीतरी ठेवलं जाई. "जेवूनच जा," असंही म्हणत सगळे. पण खिशातला फोन तोवर वाजलेला असे. सणाच्या दिवशी अशी आठ घरं करून काका संध्याकाळी आपल्या घरी यायचे.

घरी काकू ताट झाकून बसलेल्या. ताटावर ताट पालथं.

"जेवणार?" काकू विचारायच्या.

"पोट भरलंय गं. त्या कोपऱ्यावरच्या वहिनी ऐकेचनात."

मग काकू वरचं ताट बाजूला करून एकट्या जेवायच्या. तीस वर्षांत वर्षाला चार सण धरले तरी ही गोष्ट काकांच्या नजरेला एकशेवीस वेळा तरी पडली असेल. ध्यानात आली ती काकू गेल्यावर.

लेकीच्या मात्र लहानपणापासून ध्यानात होती. लग्न होऊन ती दोन तासांवरच्या गावी गेली, आणि आई गेल्यावर सणाला यायचीच बंद झाली. यंदा तिनं आपणहून फोन केला.

"येते बाबा. पण तुम्ही घरी असलात तर. आईसारखं झाकलेलं ताट बघत बसायला मी येणार नाही."

"असेन की."

"पिशवी कुठंय?"

"खुंटीला."

"तिथंच राहू दे."

सणाच्या सकाळी काका पाचला उठले. आधी स्वतःचीच शेगडी दुरुस्त करायला बसले, कारण तिचा एक बर्नर तीन वर्षं बंद होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. स्वयंपाकाची त्यांना काळजी नव्हती. तीस वर्षं लोकांच्या ओट्याशेजारी बसलेला माणूस; भाजी काय आणि दुधाचं गोड काय, डोळ्यांनी पाठ होतं सगळं.

कांदा लाल केला, बटाटे टाकले. दुसरीकडे दूध चढवलं. अकरा मिनिटं स्वयंपाक असा झकास चालला, की एखाद्या सुगरणीनं पदर खोचून शिकायला बसावं. बाराव्या मिनिटाला काकांचा हात थांबला.

पुढे काय करतात?

पुढचं त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. बाराव्या मिनिटाला ते नेहमी जिन्यात असायचे.

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडच्या गल्लीतल्या गणिताच्या बाई. शाळेतून निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती, पण आवाज अजून फळ्यासमोर उभा होता.

"अहो शेगडीवाले, माझी विझली. कधी येताय?"

काकांची नजर खुंटीवर गेली. पाच मिनिटांची वाट. पाय नुसते शिवशिवत होते.

"आज नाही जमणार बाई. लेक यायचीय."

"मग नकाच येऊ. मी ब्रेड खाईन. एकटीला काय लागतं?"

"बाई, एक विचारू? दूध आटवतात, ते कुठवर?"

"चमच्याला चिकटेपर्यंत. आणि मग शेगडी बंद करायची. ते तुम्हाला ठाऊक नसायचंच. तुम्ही आपले पेटवून निघून जाता."

बाई हसल्या. काकाही हसले. पण फोन ठेवल्यावर ते वाक्य घरातच राहिलं. दूध तोवर खालून लागलं होतं.

लेक बाराला यायची होती. साडेबाराला काकांनी तिचं ताट वाढलं. एकला फोन आला: "सासरी पाहुणे आलेत बाबा, निघताच येईना. उशीर होईल."

"ये सावकाश. मी आहे."

घरात ताटं तीन. दोन जेवायची, तिसरं, काठाला चेपलेलं, झाकायचं. ते काकांनी लेकीच्या ताटावर पालथं घातलं आणि समोर बसले.

वाट बघणं हे काम त्यांना नवीन नव्हतं. पण पाण्याची वाट बघताना बुडबुडे तरी दिसतात. इथं काहीच दिसेना. खालच्या घरातून हसण्याचे, भांड्यांचे आवाज येत होते. कुणीतरी कुणाला आग्रह करत होतं. फोन आणखी तीनदा वाजला, तिन्ही शेगड्याच. काकांनी तिघांना नाही म्हटलं. दोनदा उठून झाकण उघडून पाहिलं, जसं काही ताट आतून पळून जाणार होतं. भाजीवर साय धरल्यासारखं तेल थिजलं होतं. काकू या एवढ्या वेळात काय करत असतील? विणत? की हेच, उघडून पाहणं?

चारला लेक आली. दारातून तिनं आधी खुंटीकडे पाहिलं. पिशवी जागेवर होती.

"जेवणार?" काकांनी विचारलं.

"पोट भरलंय हो बाबा. तिकडे सासूबाई ऐकेच..."

ती मधेच थांबली. वडिलांकडे पाहिलं, मग पालथ्या ताटाकडे. चपला काढल्या आणि मुकाट्यानं हात धुऊन आली.

"तुम्ही जेवलात?"

"थांबलो होतो."

"वाढा. तुमचंही."

पहिला घास घेऊन तिनं बराच वेळ चावला. "बाबा, मीठ?"

"मीठ?" काका आठवू लागले. शेकडो ओटे डोळ्यांसमोरून गेले. "माझ्यासमोर कुणी घातलंच नाही कधी!"

लेक ठसका लागेपर्यंत हसली. मग न विचारता उठून वरच्या फळीवरची, आईची मिठाची बरणी काढून आणली. दूध चाखून म्हणाली, "हे लागलंय."

"खालून लागलंय. वरचं घे. बाईंचा फोन आला आणि..." काकांनी सगळी हकिकत सांगितली.

"म्हणजे त्या आज ब्रेड खाणार? मग बोलावलं का नाहीत त्यांना?"

जन्मभर लोकांनी काकांना बोलावलं होतं. आपण कुणाला बोलवायचं असतं, हे त्यांना खरोखरच सुचलं नव्हतं.

त्यांनी फोन लावला. "बाई, शेगडीवाला बोलतोय."

"निघालात का?"

"नाही. तुम्हीच या. जेवायला."

"भाजी कसली आहे?"

"बटाट्याची. मीठ आत्ताच घातलंय."

"आलेच."

काकांनी चेपलेलं ताट उचललं, सुलटं केलं, आणि नळाखाली धरून सावकाश धुतलं. त्यात कधी कुणी जेवलंच नव्हतं; आतून एकही ओरखडा नव्हता.