गच्चीचा जुना पाइप

अलेक्झांड्रियाच्या लब्बान वस्तीत सित्त दौलत या मालकिणीची पाच मजली इमारत होती, आणि त्या इमारतीचे कपडे एकतीस वर्षं नबवियाने धुतले. गच्चीवरच्या धुण्याच्या खोलीत पाणी उकळायचं, गुडघे मोडून बसायचं आणि चोळायचं. लेकरांचे लंगोट तिने धुतले, म्हाताऱ्यांची अंथरुणं धुतली, आणि वरचे बिऱ्हाडकरू वारले तेव्हा त्यांच्या अंगाखालची चादरही तिच्याच हातून निघाली. त्या बदल्यात थोडा पगार आणि तळमजल्यावर, पायरीभर खोल, एक खोली. नवरा अवाद बंदरात हमाली करायचा तोवर ती खोली अपुरी वाटे. तीन वर्षांपूर्वी त्याचं उजवं अंग लुळं पडलं, तो जमिनीवरच्या गादीला खिळला, आणि तीच खोली दोघांचं जग झाली. मालकिणीने उद्या ‘निघा’ म्हटलं, तर लुळ्या माणसाला पाठीवर घेऊन जायचं कुठे, ही एकच धास्ती नबवियाच्या उशाशी असायची.

सित्त दौलतच्या मुलीचं, निहालचं लग्न झालं आणि तिसऱ्या मजल्यावरचं बिऱ्हाड तिला मिळालं. रुखवतात मोठं आपोआप धुणारं मशीन आलं, उघड्या ट्रकवर, ढोल वाजवत, सगळ्या गल्लीला दाखवत. नबवियानेही जीभ हलवून आनंदाची आरोळी दिली. दुसरं काय करणार होती?

लग्नानंतर सहाव्या दिवशी मशीन जोडायला उस्ता बय्यूमी आला. हा वस्तीतला जुना, हात बसलेला प्लंबर. नबविया तेव्हा निहालकडेच होती, धुवायच्या चादरी घ्यायला आलेली. बय्यूमीने नव्याकोऱ्या गुलाबी फरशीवर बोटांनी टकटक केली.

"दोन फरश्या फोडाव्या लागतील," तो म्हणाला. "मशीनची सांडपाण्याची नळी खालच्या मोठ्या पाइपला जोडतो. दोन तासांचं काम."

"फोडायच्या?" सित्त दौलत कडाडली. "लग्नाला सात दिवस झाले नाहीत आणि नवरीच्या घरात हातोडा घालतोस? माझ्या आत्याच्या सुनेच्या घरी नुसता खिळा ठोकला होता. वर्षाच्या आत पोरगी माहेरी परत!"

"बरं बाई, नाही फोडत." बय्यूमीने खिडकीतून मान बाहेर काढली. इमारतीच्या पोटातल्या अंधाऱ्या चौकातून, खिडकीला अगदी लागून, एक जुना लोखंडी पाइप खाली उतरत होता. "हा घ्या! देवाने हाताशीच ठेवलाय. नळी खिडकीतून काढतो आणि यात सोडतो."

"उस्ता, त्यात नको," नबविया म्हणाली.

"का? तुझ्या बापाचा आहे?"

"गच्चीच्या धुण्याचा आहे तो. खाली माझ्या मोरीखालून जातो. तिथे मातीची जुनी नळी आहे, मनगटाएवढी. एका वेळी एक डबा पाणी घेते. मी एक डबा ओतते, शंभरपर्यंत मोजते, मग दुसरा. एकतीस वर्षं असंच करतेय. हे मशीन एका दमात सगळं ओकेल."

"नबविया खाला, आता तू मला नळकाम शिकवणार?" बय्यूमी हसला. "उद्यापासून मी चादरी धुतो, तू नळाचे पाने घेऊन फिर."

"मोजते म्हणे!" सित्त दौलतने कमरेवर हात ठेवले. "सरळ सांग की, मशीन आलं म्हणून पोटात दुखतंय."

नबवियाने चादरींचं गाठोडं उचललं. ते निखालस खोटं असतं तर ती भांडली असती. पण पोटात दुखत होतंच. माणसाच्या खऱ्या बोलण्यात त्याचा स्वार्थ दिसला की ते बोलणं कवडीमोल होतं, आणि गरिबाचा स्वार्थ लांबून दिसतो.

सोमवारी निहालने मशीन लावलं. नबविया अवादला मसुराचं सार भरवत होती. मोरीच्या जाळीत आधी गुडगुड झालं, मग लिंबाच्या वासाचा पांढरा फेस वर आला, आणि फेसामागून गटाराचं काळं पाणी. ती बोळे कोंबायला धावली, तोवर पाणी गादीखाली शिरलं होतं. अवाद डाव्या हाताने जमीन चाचपत राहिला. "नबविया, मी ओलं केलं का गं?" तो शरमून म्हणाला. तिला रडू फुटलं.

संध्याकाळी नाकाला ओढणीचं टोक लावून सित्त दौलत खाली आली, बरोबर बय्यूमी. त्याने मोरीत लांब तार घातली, फिरवली, बाहेर काढली.

"पाइप साफ आहे. काहीही अडकलेलं नाही."

"अडकलंय असं मी कुठे म्हटलं?" नबविया म्हणाली. "नळी अरुंद आहे म्हटलं."

"साफ आहे ना? मग पाणी आलं कुठून?" सित्त दौलतने ओल्या गादीकडे पाहिलं. "बादली तूच उपडी केली असशील. हे बघ, माझ्या पोरीच्या नव्या संसाराला दृष्ट लावायची असेल, तर दुसरी जागा बघ."

त्यानंतर दर सोमवारी आणि गुरुवारी नबविया गादीखाली विटा रचायची आणि डब्याने पाणी उपसायची. ओल भिंतीत चढली. अवादच्या पाठीला जखम झाली, तिची चिघळण थांबेना, आणि तो रात्रंदिवस खोकू लागला. दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, माणसाला कोरड्यात ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी आणू नका.

मग तिने निहालला जिन्यात गाठलं. या पोरीचे लंगोट तिने धुतले होते.

"तुझे कपडे मीच धुते, बेटा. एक दिडकी नको. फक्त त्या मशीनमधून पाणी सोडू नकोस."

"खाला, आई काय म्हणेल? रुखवतातलं मशीन बंद ठेवलं म्हणून घर डोक्यावर घेईल."

"तिला कशाला सांगतेस? कोरडंच पिळायच्या बटणावर फिरव. आवाज झाला की पुरे."

निहालला तिची दया आली, आणि खरं तर सोयही वाटली. ठरल्या दिवशी ती गाठोडं गुपचूप खाली पाठवायची आणि वर रिकामं मशीन घरघरत ठेवायची. नबविया आपल्याच मोरीत कपडे चोळायची, एक डबा ओतायची, शंभरपर्यंत मोजायची. बोटांची पेरं फुटून रक्त यायचं, म्हणून पांढरे कपडे ती आधी उरकून घ्यायची. पण खोली सुकली. अवादच्या जखमेवर खपली धरली. दोन महिने असे गेले, आणि तिला वाटलं, निभावलं.

एका गुरुवारी दुपारी सित्त दौलतने तिला वर बोलावलं. निहालच्या बाल्कनीत चादरी वाळत होत्या. शेजारच्या दोन बायका त्यांचं टोक बोटात धरून पाहत होत्या.

"बघितलंस?" सित्त दौलत नबवियाला म्हणाली. "दुधासारख्या! एकतीस वर्षांत तुझ्या हातून कधी निघाल्या अशा? मी ठरवलंय, बाकीच्या बिऱ्हाडांनाही सांगितलंय, सगळे मशीनच घेतायत. आता गच्चीवर कोणी लागणार नाही. महिनाअखेरीला खोली रिकामी कर. चौकीदाराच्या भावाला द्यायची आहे."

नबवियाने निहालकडे पाहिलं. निहालचा चेहरा पांढराफटक पडला. "आई..." एवढंच ती म्हणाली, आणि मग ओढणी सारखी करत आत निघून गेली.

या चादरी मशीनने नाही, आपण धुतल्यात हे सांगावं, असं नबवियाच्या मनात आलं. पण सित्त दौलतने पाइपाचं तरी कुठे ऐकलं होतं? ती भिंतीला धरत तीन जिने उतरली. अवाद जागाच होता.

"कशाला बोलावलं होतं?" त्याने विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. "कपडे छान निघालेत म्हणाली."