भिंतीवरची अर्धी काकडी

मांडवावरची पहिली काकडी निघाली की नाना ती उभी चिरत आणि अर्धी नेऊन अंगणातल्या भिंतीवर ठेवत. भिंतीपलीकडे त्यांचा धाकटा भाऊ वसंता राहायचा. आमचं घर समोरच, त्यामुळे पुढचंही दिसायचं. वसंतकाका काकडीला हात लावत नसत, आणि दुपारपर्यंत कावळे ती संपवत. मी एकदा म्हणालो, "नाना, कावळ्यांचीच चंगळ होते." नाना म्हणाले, "होऊ दे रं. त्याच्या झाडावरचे कावळे हायेत. म्हंजे त्याच्या घरातच गेली ना?"

कळंबच्या माळावरचं दोघा भावांचं सामाईक शेत रिसॉर्टवाल्याला विकायचं वसंतकाकांच्या मनात होतं. नानांनी सही दिली नाही. वसंतकाकांनी स्वतःच्या हातांनी विटा रचून अंगण दुभागलं आणि बोलणं टाकलं, त्याला अकरा वर्षं झाली होती. नाना हट्टी होते, हे त्यांच्यावर माझा जीव असूनही सांगायला हवं. कुणी समजावायला गेलं की म्हणायचे, "शेत बापाचं, भाऊ माझा. मी दोन्ही सोडायचा नाय." त्यातलं एकच त्यांच्या हाती राहिलं होतं.

मग एका हिंदी सिनेमाची माणसं गावात आली. दोन भावांच्या भांडणाची गोष्ट होती. शेवटी भाऊ मधली भिंत पाडतात आणि एकमेकांच्या गळ्यात पडतात. त्यांना खरीखुरी भिंत हवी होती, ती आमच्याकडे तयारच होती. वसंतकाकांनी भिंत पुन्हा बांधून देण्याची अट लिहून घेतली. नानांनी कसलीच अट घातली नाही. त्या सकाळी ते इस्त्रीचा सदरा घालून, दाढी करून, सिनेमातल्या गावकऱ्यांच्या गर्दीत उभे राहिले.

"भिंतीकडे बघा, कॅमेऱ्याकडे बघू नका," असं आम्हाला दहादा बजावलं होतं. भिंत एकदाच पडणार होती. कॅमेरा भिंतीपलीकडे वसंतकाकांच्या अंगणात होता, गर्दी नानांच्या. भिंत पडली, धूळ उडाली, नट रडले, आणि नाना मात्र सरळ कॅमेऱ्याकडे बघत राहिले. सिनेमावाला डाफरला, "काका, शॉट की वाट लगा दी." आपल्या पायरीवरून वसंतकाका सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मिरवायची हौस, दुसरं काय." आम्ही सगळे हसलो. त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

चौथ्या दिवशी गवंडी आले. भिंत पहिल्यापेक्षा सरळ आणि हातभर उंच झाली. वेलावरची शेवटची काकडी चिरून नाना तिकडे गेले, तर गवंडी म्हणाला, "सिमेंट ओलं हाय नाना, नका ठेवू."

"बरं. वाळू दे, मग ठेवीन," म्हणत ते अर्धी काकडी हातात घेऊन परत फिरले.

पुढच्या वेलाला काकड्या धरायच्या आत नाना गेले. वसंतकाकांनी खांदा दिला, पण तोंडातून शब्द काढला नाही. सिनेमा त्यानंतर आला.

गेल्या महिन्यात वसंतकाकांनी मला हाक मारली. "जरा इकडं ये रं." त्यांच्या हातात मोबाइल होता आणि त्यावर तोच सिनेमा. भिंत पडते, धूळ खाली बसते, आणि गर्दीत क्षणभर नाना दिसतात.

"आमी त्याला हसलो," वसंतकाका म्हणाले. "त्यो कॅमेऱ्याकडं बघतच नव्हता. कॅमेऱ्याच्या मागं पायरीवर मी उभा होतो. भिंत पडल्या पडल्या त्यानं मला बघितलं."

मी मोबाइलवर वाकलो.

"आणि मी मान फिरवली," ते म्हणाले.

त्यांनी अंगठ्याने सिनेमा पुन्हा मागे नेला. भिंत पडली. नाना दिसत होते तोवर त्यांनी पापणी लवू दिली नाही.