होडीची बाल्कनी आत घेताना

माझ्या नवऱ्याला उघडी जागा बघवत नाही. पार्ल्यातल्या आमच्या सोसायटीचा तो गेली अकरा वर्षं सेक्रेटरी आहे आणि तेवढ्या काळात इमारतीतली एकूण एक बाल्कनी आत घेतली गेली आहे. आत घेणं म्हणजे काय, ते उपनगरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मधली भिंत पाडायची, बाहेरून सरकत्या काचा बसवायच्या, काचांबाहेर लोखंडी ग्रिल, ग्रिलच्या आत डासांची जाळी, आणि मग त्या खोलीत जीव गुदमरायला लागला की एसी लावायचा. आमच्या गच्चीवर तर पाण्याच्या टाकीवरही पत्र्याची शेड आहे. टाकी भिजू नये म्हणून.

तेव्हा आमच्या होडीचं जे झालं ते व्हायचंच होतं.

होडी म्हणजे बावीस फुटांची, शिडाची, जुनी बोट. कॉलेजात मी एनसीसीच्या नौदल शाखेत होते, शीड हाकायला तिथे शिकले आणि मग तीस वर्षं संसार हाकला. मुलगी परदेशी गेल्यावर आम्ही दोघांनी मिळून ही बोट घेतली आणि मार्वेच्या खाडीत ठेवली. दर रविवारी सकाळी सुकाणू माझ्या हातात असायचं. मी 'सोड' म्हटलं की नवरा शिडाची दोरी सोडायचा, 'ओढ' म्हटलं की ओढायचा. का, कशाला, नंतर बघू, असलं एक अक्षर नाही. घरात जे उभ्या संसारात जमलं नाही ते पाण्यावर पहिल्या महिन्यात जमलं.

मग गेल्या वर्षी माझ्या अंगावर चट्टे उठायला लागले. एकदा तर ताप चढून चार दिवस हॉस्पिटलात राहावं लागलं. आजाराचं नाव लांबलचक आहे. थोडक्यात, माझ्या कातडीला सूर्य सोसत नाही. डॉक्टरीणबाईंनी ऊन बंद केलं. मी विचारलं, "आणि बोट?" त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, "डोक्यावर पक्कं छप्पर असेल, अंगभर कपडे असतील, तर बघू."

त्या 'बघू'वर मी वर्ष काढलं. रविवारी सकाळी पडदे ओढून घरात बसायचे आणि मार्वेला आत्ता वारा कुठून असेल याचा विचार करायचे. मला छप्पर हवं होतं ते पुन्हा शीड उभारायला. एवढीच मागणी होती, आणि ती मी जेवणाच्या टेबलावर स्वच्छ मराठीत मांडली होती.

"आत घेऊन टाकू," नवरा म्हणाला. त्याचे डोळे चमकले.

बोटीच्या मागच्या भागात बसायला खोलगट जागा असते, तिला कॉकपिट म्हणतात. सुकाणू तिथेच. तिच्यावर पाइपांचा सांगाडा उभा करून कापडाचं छप्पर आणि चेनने उघडणाऱ्या पारदर्शक प्लास्टिकच्या भिंती लावता येतात. परदेशात अशी आवरणं मापानुसार शिवून देणाऱ्या कंपन्या आहेत. नवऱ्याने एकीला लिहिलं. त्यांनी चार पानांचा फॉर्म पाठवला: बोट पाण्यात हवी, शीड पूर्ण उभारलेलं हवं, सगळ्या बाजूंनी फोटो काढा, प्रत्येक कोपऱ्याची माप घेतलेली कागदी प्रतिकृती पाठवा.

"वेडे आहेत," नवरा म्हणाला. "खिडकीला पडदा लावायचा तर घरभर फोटो कशाला?"

सोसायटीच्या ग्रुपवर विषय गेला आणि सल्ल्यांचा पाऊस पडला. बोटीत आयुष्यात पाय न ठेवलेली माणसं हिरिरीने बोलू लागली. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त बँकवाले म्हणाले, सरकत्या खिडक्याच घ्या, चेनचा काही भरवसा नाही. तळमजल्यावरच्या काकूंनी विचारलं, आत कपडे वाळत घालायला दोरी येईल ना? दारावर तोरण लावायला हूक हवा यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं. छोट्या नावेतून वल्ही मारत होडीपर्यंत जावं लागतं, तिथे तोरण कोण बघणार, हे विचारण्यात अर्थ नव्हता.

शेवटी नवऱ्याने जोगेश्वरीचा एक कारागीर शोधून काढला. रिक्षांचे हूड आणि पावसाळी पडदे शिवणारा. माणूस हुशार होता. घरी येऊन त्याने कापडाचे नमुने टेबलावर पसरले आणि म्हणाला, "मॅडम, रिक्षा काय नि बोट काय, आत बसलेल्याला पाणी लागलं नाय पायजे, बस."

"ऊनही लागायला नको," मी म्हटलं.

"ते माझ्यावर सोडा."

मापं घ्यायला ते दोघं सप्टेंबरात गेले. बोट अजून किनाऱ्यावर ओढून ठेवलेली होती. मी येते म्हटलं, तर नवरा म्हणाला, "भर दुपारी? अजिबात नाही. तू आराम कर." पावसाळ्यात आम्ही शीड उतरवून ठेवतो आणि शिडाच्या तळाला असते ती आडवी बूम चांगली उंच बांधून तिच्यावरून ताडपत्री टाकतो. शीड चढलं की हीच बूम खाली येते आणि वाऱ्याप्रमाणे कॉकपिटवरून या बाजूची त्या बाजूला फिरते. छप्पर तिच्या खाली बसायला हवं. म्हणून संध्याकाळी मी विचारलं, "माप घेताना बूम खाली घेतली होतीस ना?"

"हो गं," तो म्हणाला. "आणि आत ताठ उभं राहता येईल इतकी उंची घेतलीय. सहा इंच जास्तच."

हे दोन्ही एकदम होणं शक्य नव्हतं. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मला बोटीवर जायचं होतं, आणि जायचं असलं की माणूस उलट विचारत नाही.

ऑक्टोबरात बोट पाण्यात गेली, आवरण बसलं आणि उद्घाटनाला अर्धी सोसायटी आली. दोन खेपा करून सगळ्यांना बोटीवर पोचवलं. काकूंनी नारळ आणला होता. काम खरंच सुरेख झालं होतं: चकचकीत पाइप, सरळ शिलाई, चेन लोण्यासारखी सरकणारी. मी पांढऱ्या ओढणीत डोकं-तोंड गुंडाळून आत गेले, ओढणी सोडली आणि सुकाणू धरलं. अंगावर उन्हाचा एक कवडसा नव्हता आणि पायाखाली पाणी हलत होतं. मला भरून आलं. ते मी लपवलं नाही.

"चल, शीड चढव," मी नवऱ्याला म्हटलं.

तो म्हणाला, "आधी चहा घेऊ." मी पुन्हा म्हटलं. तो बँकवाल्यांना प्लास्टिकची जाडी दाखवू लागला. मग मी स्वतःच ओढणी बांधून बाहेर गेले आणि बूमची दोरी सोडली. बूम खाली आली आणि छपराच्या पाइपावर ठाण्णकन आदळून तिथेच बसली. सोसायटीला वाटलं हेही उद्घाटनातलंच आहे. दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या.

"असू दे ना," नवरा म्हणाला. "इंजिन आहे की. आणि नुसतं बसायला काय झकास झालंय बघ."

"एक्स्ट्रा बेडरूमच," बँकवाले म्हणाले.

मी कारागिराकडे वळले. "एवढी मोठी काठी तुम्हाला दिसली नाही?"

त्याने एकदा नवऱ्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "दिसली मॅडम. मी साहेबांना विचारलं, ही काठी खाली येते काय? साहेब बोलले, आता नाय येणार. मॅडमची तब्येत बरी नसते, आता शीड लावायचं नाय."

नवरा एक चेन उघडत होता, बंद करत होता, परत उघडत होता. काकूंना एकदम घरी पाहुणे येणार असल्याचं आठवलं आणि सोसायटी दोन खेपांत किनाऱ्याला गेली. कारागीर राहिला, कारण त्याची हत्यारं आत होती.

"मला विचारलं का नाहीस?" मी म्हटलं.

"तू ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं. म्हणून काय विचारायचंच नाही?"

"हॉस्पिटलच्या त्या चार दिवसांत तू झोपली होतीस," तो म्हणाला. "मी जागा होतो. परत नाही जमणार मला ते. इथे निदान पाण्यावर तरी राहशील. सावलीत. माझ्या डोळ्यांसमोर."

मला त्याची माया कळली आणि त्याच क्षणी इतका संताप आला की सुकाणूची मूठ सोडवेना. बाल्कनी झाली, टाकी झाली, आता मला आत घेतलं होतं. वर्षभर मी ज्या 'बघू'वर जगले, त्याचं काय करायचं ते या माणसाने भर उन्हात उभं राहून, माझ्या वतीने, एका रिक्षाच्या हूडवाल्याला सांगून टाकलं होतं.

"दादा," मी कारागिराला म्हटलं, "हे कापून खाली आणता येईल?"

"येईल. पाइप छोटे करायचे, कापड परत शिवायचं. पण मॅडम, उभं राहायला नाय जमणार."

"बोट बसून हाकतात. लावा टेप. मी अशी बसते. माझ्या डोक्याच्या वर चार बोटं, बस."

"चार बोटं?" नवरा पुढे झाला. "निदान सहा इंच तरी..."

"सहा इंचांवर बूम आहे."

मी ताठ बसले. कारागिराने माझ्या डोक्यावर हात आडवा धरला, टेप ताणली आणि पाइपावर खडूची खूण केली. खूण खरंच खूप खाली आली. नवरा, जो माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे, त्या खुणेखाली मान वाकवून बघू लागला.

"एवढं खाली आलं तर मी कुठे बसू?" तो म्हणाला.

या सबंध प्रकरणात माझं उत्तर हवं म्हणून त्याने मला विचारलेला तो पहिला प्रश्न होता. राग अजून तसाच होता, पण मी सरकून जागा केली.