कोमट पाण्यातले मासे

सरळच सांगते, मी तिच्यावर जळत होते. एम.एस्सी.ला आम्ही दोघी एकाच बाकावर बसायचो, एकाच डब्यातलं खायचो. अभ्यासाचा विषयही एकच: मासे घोळका कधी करतात आणि कधी पांगतात. पण सर पुढच्या संशोधनासाठी आमच्यातल्या एकीलाच घेणार होते.

माझे मासे हुडकेश्वरकडच्या तळ्यातले. म्हशी डुंबून पाणी सदा गढूळ. मासे एकमेकांना दिसायचेच नाहीत, तर घोळका कसला करणार, कप्पाळ! तिनं मात्र खापरखेडा धरलं होतं. तिथल्या वीज केंद्रातलं कोमट पाणी नाल्यात यायचं आणि थंडीच्या सकाळी मासे तिथं दाटीवाटीनं जमायचे. तिची भरलेली वही पाहिली की माझ्या पोटात दुखायचं.

सरांनी तिला एकच शंका विचारली. वसाहतीतल्या बाया त्याच नाल्यावर भांडी घासतात. मग मासे येतात ते उबेसाठी की भाताच्या खरकट्यासाठी? तोडगा मीच सुचवला, तोही ती तोंडघशी पडावी म्हणून. महाशिवरात्रीला घरोघर उपास, भात शिजत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन पाहायचं.

नेमकी तेव्हाच ती तापानं आडवी झाली. म्हणाली, "तूच जाऊन ये वं. थंडी राहते तिथं, हा माझा स्वेटर घालून जाय."

गेले. नाल्यावर एक बाई नाही, शिताचा कण नाही. आणि मासे? मेले सगळे हजर! मी रागानं दगड भिरकावला. पांगले, आणि मिनिटभरात पुन्हा त्याच कोमट पाण्यात एकमेकांना खेटून उभे. मला रडूच आलं.

दुपारी तिच्या घरी गेले. ती उठून बसली. "होते का वं?"

"एकही नव्हता."

तिनं वही ओढली आणि अख्खं प्रकरण आडवी रेघ मारून खोडलं. मीच घाबरले. "अवं, बरी झाली की एकदा स्वतः पाहून ये ना."

"काहून? तू पाहून आली ना? तू काय मले खोटं सांगशीन?"

सरांनी मला घेतलं.

त्या दुपारी निघताना मी स्वेटर काढायला लागले, तर तिनं हात धरला. "राहू दे वं अंगावर. कापून राहिली तू."