आठ बोटांचा कोळी

मी अंगणवाडीची सेविका. सेनगाव तालुक्यातल्या एका गावात अकरा वर्षं झाली, लेकरं सांभाळते. गाव आणि तांडा यांच्या मधोमध आमची एक खोली आहे, वर पत्रे, दोन खिडक्या. गावातली लेकरं एका वाटेनं येतात, तांड्यावरची दुसऱ्या वाटेनं. मी काही भित्री बाई नाही. एकदा खोलीत साप निघाला तेव्हा पोरांना मागं सारून मी काठी घेऊन उभी राहिले होते. पण कोळी दिसला की मी दाराशी जाऊन उभी राहते. माहेरी, वसमतकडं, हळदीच्या पोत्यांमागं लपाछपी खेळताना एक भला मोठा कोळी माझ्या केसांत उतरला होता. सात वर्षांची असेन मी. आईनं वेणी सोडून तो झटकेपर्यंत सगळी गल्ली गोळा झाली होती.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळी तोंडावर आलेली, आमची साफसफाई चाललेली. आमच्या मदतनीस ताई तांड्यावरच्या. वयानं माझ्यापेक्षा मोठ्या, आणि एकदा खराटा हाती घेतला की त्यांना थांबवणं अवघड. त्यांनी बांबूला खराटा बांधला आणि खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातलं जाळं काढायला हात उंचावला. मी लांब दाराशी उभी. पोरं भिंतीला टेकून बसलेली.

तेवढ्यात एक पोरगी ताडकन उठली आणि तिनं ताईंचा पदर धरला.

"घर छ," ती म्हणाली.

सगळ्यांच्या माना तिच्याकडं वळल्या, कारण ही पोरगी बोलायचीच नाही. चार वर्षांची, तांड्यावरची. पावसाळ्यापासून रोज यायची, दाराजवळ गुडघे पोटाशी घेऊन बसायची, खिचडी खायची आणि घरी जायची. गाणी म्हटली, चेंडू दिला, ठोकळे मांडले; ती नुसती बघायची. ताई तिच्या भाषेत बोलायच्या तरी उत्तर नाही. तिची आई सांगायची, "घरी तोंड बंद होत न्हाई हिचं, बाई. इथं काय होतं काय की."

ताईंचा हात तसाच वर राहिला. त्या माझ्याकडं बघून हळूच म्हणाल्या, "ती म्हणून राहिली का त्याचं घर हाय ते."

मी म्हटलं, "मग राहू द्या ताई."

मी हे बोलले खरं, पण आता तो कोळी रोज माझ्या डोक्यावर राहणार होता. पण पोरगी पहिल्यांदा बोलली होती. खराटा खाली आला. सगळी लेकरं खिडकीखाली गोळा झाली आणि माना वर करून बघायला लागली. तीही त्यांच्यात उभी राहिली, अगदी मधोमध.

"किती पाय असतील त्याला?" मी लांबूनच विचारलं.

"सहा," गावातला एक पोरगा म्हणाला. मुंगीचे पाय आम्ही आदल्या महिन्यात मोजले होते आणि ते त्यानं पक्के लक्षात ठेवले होते.

तांड्यावरच्या पोरीनं मान हलवली. तिनं दोन्ही हात वर केले, अंगठे मुडपले आणि आठ बोटं त्याच्या तोंडापुढं धरली. पोरानं बोटं मोजली, मग वर बघितलं, मग पुन्हा बोटं मोजली. "आठ हायेत बाई," तो नाराजीनं म्हणाला.

तिच्या त्या हातांवरूनच मला पुढचं सुचलं. मी शेजारच्या वावरातून काळी माती आणवली, चाळली आणि पाण्यात कालवून दह्याएवढी घट्ट केली. जुन्या कॅलेंडरची पानं उलटी करून जमिनीवर पसरली. अंगठे आत, बोटं मातीत, आणि दोन्ही तळहात एकमेकांना चिकटून कागदावर. हात उचलले की खाली आठ पायांचा कोळी तयार. ताईंनी चुन्याचे दोन ठिपके दिले की त्याला डोळे यायचे. एकाच्या कोळ्याला दहा पाय झाले, कारण अंगठे आत राहिनात. एकीचा कोळी नुसताच गोळा झाला, ती म्हणाली, "माझा झोपला हाय." नाक, कपाळ, फ्रॉक, सगळं काळं. ताई म्हणाल्या, "आता या लेकरायला कोण धुईन?" आणि हसत हसत त्यांनीच बादली भरली.

दुसऱ्या दिवशी आम्ही जाळी विणली. गेल्या वर्षीच्या कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीच्या तीन-तीन काड्या मी मधोमध बांधून दिल्या. ताईंनी घरून लोकरीचे उरलेले तुकडे आणले, लाल, पिवळे, हिरवे. काडीला एक वेढा, पुढच्या काडीला एक वेढा, असं गोल फिरत जायचं. न बोलणाऱ्या पोरीनं सगळ्यात आधी केलं. तिच्या घरी बाया भरतकाम करतात, दोरा कसा ताणायचा हे तिच्या बोटांना आपसूक ठाऊक होतं. तिनं आपलं जाळं संपवलं आणि शेजारच्या पोराचं हातात घेतलं. सहा पाय म्हणणारा तोच पोरगा. त्यानं मुकाट्यानं काड्या तिच्यापुढं धरल्या.

फोटो काढून मी सुपरवायझर मॅडमना पाठवले, खाली लिहिलं, "या आठवड्याचा विषय : कोळी." थोड्या वेळानं त्यांचा फोन आला. "छान हाय विषय. पण मासे, होडी, जाळं, काहीच दिसत नाही फोटोत?" मी समजावलं, मॅडम, मासे धरणारा नाही, माशा धरणारा. त्या बराच वेळ हसल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी मात्र हसू आवरलं. मी कुलूप काढत होते आणि मागून काठीचा आवाज आला. गावातले एक म्हातारे शेतकरी, त्या सहा पायवाल्या पोराचे आजोबा. ते गावात कुणाशी फार बोलत नाहीत. त्यांचा आवाज मी तोवर दोनदाच ऐकला असेल.

"बाई," ते म्हणाले, "लेकरायच्या हातात कोळी काहून देऊन राहिल्या तुमी?"

"बाबा, मी नाही दिला."

"आमचा नातू सांगून राहिला. बाईनं हातावर कोळी केला म्हणे. उद्या अंगावर फोड आले म्हंजे?"

मी त्यांना आत बोलावलं आणि दोरीवर टांगलेले कागद दाखवले. त्यांनी चष्मा पुसला, एकेक कागद जवळून बघितला. शेवटी बोट ठेवून विचारलं, "ह्यो कुणाचा, दहा पायाचा?"

"तुमच्याच नातवाचा."

त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. मग त्यांची नजर खिडकीवरच्या जाळ्याकडं गेली आणि तिथून माझ्याकडं. मी सवयीनं भिंत सोडून खोलीच्या मधोमध उभी होते.

"तुमी भेता व्हय?"

"लई भेते बाबा," मी खरं सांगून टाकलं.

त्यांनी चष्मा खिशात ठेवला. मग म्हणाले, "माझ्या कापसात या उद्या, लेकरं घेऊन. पण सकाळी लवकर या. दव असतं तवर. ऊन पडल्यावर काय दिसत न्हाई."

मी आयांना घरोघरी जाऊन विचारलं. दोघी आया स्वतःच सोबत यायला तयार झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी जुन्या साडीची लांब पट्टी करून ती पोरांच्या हातात दिली, पुढं मी, मागं ताई, अशी आमची रांग गाडीवाटेनं निघाली. कापूस पहिल्या वेचणीला आलेला. कुठं बोंडं उमललेली, कुठं अजून हिरवी. बाबा बांधावर डोक्याला उपरणं गुंडाळून आमची वाट बघत उभे होते.

"हात लावायचा न्हाई," ते पोरांना म्हणाले. "कुणाच्या घरी गेलो तर आपण भांडी हलवतो का? नुसतं बघायचं."

आणि आम्ही बघितलं. दोन झाडांच्या मधे एक जाळं, त्याच्या पलीकडं दुसरं, मग तिसरं. प्रत्येक धाग्यावर दवाचे थेंब ओळीनं लागलेले. कापसाच्या सगळ्या ओळींत जाळ्यांचा बाजार भरला होता. माझ्या घरापासून हे वावर चालत दहा मिनिटांवर. एवढी वर्षं मी या वाटेनं गेले होते आणि यातलं एकही मला दिसलं नव्हतं.

बाबा वाकून सांगत होते, "हे तुडतुडे बघा. पानाचा रस पितात, पान लाल होतं. कोळी त्यायला खातो. फुकटचा राखणदार हाय आपला. मी ह्याचं घर कधी मोडत न्हाई."

घर शब्द ऐकला आणि तांड्यावरची पोरगी पुढं झाली. तिनं बाबांचं धोतर ओढलं आणि सुरू झाली. तिच्या भाषेत, थांबता थांबेना. बोटानं जाळं दाखवत, मधेच स्वतःच हसत. ताई तिच्या मागून अर्थ सांगायला धावल्या. पोरीच्या झोपडीच्या दारावर एक कोळी आहे, त्याला पिल्लं झालीत, आई झाडताना तेवढा कोपरा सोडते. बाबांना तिची भाषा येत नव्हती, पण ते दर वाक्याला "बराबर, बराबर" म्हणत होते आणि ती दर "बराबर" नंतर आणखी मोठ्यानं बोलत होती.

मी हे बघण्यात इतकी गुंगले की झाडाला खेटून उभी आहे हे ध्यानातच राहिलं नाही. खांद्यावर काहीतरी हललं. बघितलं तर हिरवट, करंगळीच्या नखाएवढा कोळी माझ्या पदरावरून वर चढत होता. मी पदर अंगापासून लांब धरून उभी राहिले. आजूबाजूला पोरं, ओरडले असते तर सगळीच घाबरली असती.

ती पोरगी माझ्यासमोर आली. तिनं खालचं एक वाळलेलं पान उचललं आणि मला हातानं खूण केली, खाली बस. मी बसले. तिनं पान कोळ्याच्या पुढं धरलं आणि थांबली. त्याला ढकललं नाही, काही नाही. कोळी पानाशी आला, दोन पायांनी चाचपलं आणि पानावर चढला. तिनं ते पान नेऊन कापसाच्या झाडावर टेकवलं. परत येऊन माझ्या खांद्यावरून दोनदा हात फिरवला आणि मराठीत, स्पष्ट म्हणाली, "गेला. भिऊ नको बाई."

चार महिने मी तिला धीर देत होते. त्या सकाळी तिनं मला दिला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी हसूही येत होतं. बाबा दुसरीकडं बघत होते, पण त्यांनी सगळं बघितलं होतं.

वाटेनं परत येताना ती बोलत होती. थोडं मराठी, थोडं तिचं. सहा पायवाला पोरगा तिला विचारत होता, "तुमच्यात कोळ्याला काय म्हणतात?" ती सांगायची, तो चुकीचं म्हणायचा, ती पुन्हा सांगायची. खोलीवर येईपर्यंत रांगेतली सगळी पोरं तो शब्द म्हणत होती.

शनिवारी आम्ही खोलीभर लोकर ताणली, या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत, दाराच्या कडीपासून कपाटाच्या मुठीपर्यंत. धाग्याला अंग न लावता या टोकाहून त्या टोकाला जायचं, असा खेळ. आया बघायला आल्या आणि थोड्या वेळात आयाच खेळायला लागल्या. एक जण मधेच अडकली, तिला सोडवायला गेलेली दुसरी अडकली, आणि दोघी खाली बसून हसत सुटल्या. गावातली एक, तांड्यावरची एक. एरवी त्या लसीकरणाच्या दिवशी भेटल्या तरी वेगवेगळ्या सतरंजीवर बसायच्या.

खिडकीवरचा कोळी थंडी संपताना आपणहून कुठंतरी गेला. मला आजही तो प्राणी हातावर घ्यायला सांगाल तर जमायचं नाही. पण आता मी बाजूला सरकून त्याला वाट देते आणि पाय मोजते. ती पोरगी यंदा पहिलीत गेली. तिथल्या गुरुजींची तक्रार आहे की वर्गात फार बोलते. ही तक्रार मी ताईंना तीनदा सांगितली आणि तिन्ही वेळा आम्ही चहा केला.

बाबा मात्र आमच्याकडं येतच राहिले. आठवड्यातून एकदा काहीतरी घेऊन येतात आणि दारातूनच विचारतात, "बाई, आज लेकरायला येळ हाय का?" मागच्या बुधवारी त्यांनी विहिरीच्या कडेला पडलेलं सुगरणीचं रिकामं घरटं आणलं. सगळी पोरं त्यांच्याभोवती बसली. खिचडी तयार आहे असं ताईंनी दोनदा सांगितलं, तरी एकही लेकरू उठलं नाही.