फळ्यासमोर अडलेला बुधवार

मंडळी, आत्ताच चिखलीहून घरी आले.

आज एका शाळेत नोकरीसाठी मला पाचवीच्या वर्गावर इंग्रजी शिकवून दाखवायचं होतं. मुख्याध्यापिका मागच्या बाकावर बसल्या होत्या. आठवड्याचे वार फळ्यावर लिहीत होते. मंगळवारपर्यंत सगळं ठीक होतं. 'वेन्सडे' लिहायला गेले आणि हात थांबला! इतकी वर्षं दोन अक्षरं टाकली की पुढचा शब्द मोबाईलच पुरवायचा.

मुलं बघत होती. शेवटी खरं सांगून टाकलं, "मला हे स्पेलिंग आठवत नाहीये. चला, तोडून बघू." मोठ्याने म्हटलं, "वेड-नेस-डे." मुलंही ओरडली आणि शब्द फळ्यावर बरोबर उतरला.

एक मुलगी म्हणाली, "मॅडम, तुमाले बी अडते? मले वाटे, मलेच अडते." मग तीच पुढचा वार लिहायला उठली.

तास संपल्यावर मुख्याध्यापिका म्हणाल्या, "ही पोरगी कधी फळ्याजवळ येत नव्हती. तुम्ही सोमवारपासून या."

बाहेर येऊन यांना फोन केला. "झालं हो काम!" तर म्हणतात, "हाव? मी तं काळजीनं सकाळपासून जेवलोच नाही."

तुम्ही कोणत्या शब्दाला अडता? खुशाल सांगा, इथे कोणी मार्क कापणार नाही.